अरवनाचे खळे : यहोशवाच्या ग्रंथाचे नवे वाचन आणि अर्थाची किंमत

बायबलच्या जुन्या करारातील यहोशवाच्या ग्रंथात यरीहो नगराच्या पाडावाची कथा आहे. सात दिवसांची प्रदक्षिणा, रणशिंगांचा नाद आणि कोसळणारा तट एवढा भाग सर्वपरिचित आहे. मुलांना सांगितली जाणारी गोष्ट तेथेच संपते. सहाव्या अध्यायातील कथन मात्र पुढे जाते. नगरातील स्त्री-पुरुष, तरुण व वृद्ध, बैल, मेंढरे, गाढवे या साऱ्यांचा तलवारीने नाश केला गेला, असे ते सांगते. आणि हा नाश सैनिकांच्या उन्मादाचा परिणाम म्हणून नव्हे, तर ईश्वरी आज्ञेचे पालन म्हणून नोंदवते. या कृतीला हिब्रूमध्ये 'हेरेम' अशी संज्ञा आहे. एखादी वस्तू, प्राणी वा मनुष्यसमूह मानवी वापरातून कायमचा काढून ईश्वराच्या स्वाधीन करणे, आणि युद्धाच्या संदर्भात त्याचा समूळ नाश करणे, असा तिचा आशय आहे. 'अनुवाद' या ग्रंथाच्या सातव्या व विसाव्या अध्यायांत कनान देशातील राष्ट्रांची नावे घेऊन हेरेमचा आदेश दिलेला आहे. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात अमालेक्यांचा राजा अगाग आणि निवडक गुरे जिवंत राखली म्हणून ईश्वर शौलाचे राजपद नाकारतो. तेथे अपराध संहाराचा नाही. संहार अपुरा ठेवल्याचा आहे.

पवित्र मानलेली संहिता जे कृत्य ईश्वराच्या नावे मांडते, ते वाचकाच्या नैतिक जाणिवेला असह्य असेल, तर वाचकाने काय करावे? ख्रिस्ती बायबल-अभ्यासाच्या क्षेत्रात गेल्या तीन-चार दशकांत या प्रश्नावर विपुल लेखन झाले आहे. प्रश्न वरवर ईश्वरविद्येचा दिसतो. परंतु ज्या ज्या परंपरेत एखाद्या ग्रंथाला अधिकार आहे आणि त्या ग्रंथात कोणाचा तरी संहार गौरविलेला आहे, त्या त्या परंपरेतील अर्थनिर्णयनाचा तो प्रश्न आहे. म्हणूनच साहित्यमीमांसेलाही तो टाळता येण्याजोगा नाही.

चार्ली ट्रिम यांच्या 'द डिस्ट्रक्शन ऑफ द केननाइट्स' (२०२२) या छोट्या पुस्तकाने या लेखनाची उपयुक्त मांडणी केली आहे. ईश्वर चांगला आहे. जुना करार ईश्वराच्या व्यवहाराचे विश्वासार्ह कथन करतो. त्यात वंशसंहारासारखे काही वर्णिलेले आहे. आणि समूहसंहार नेहमीच दुष्ट असतो — ही चार विधाने एकाच वेळी स्वीकारता येत नाहीत. कोणतेही एक सोडले की उरलेली तीन टिकतात. पहिले सोडणे हा नास्तिक टीकाकाराचा मार्ग होय. श्रद्धावान अभ्यासकांपुढे उरलेले तीन मार्ग असतात. ट्रिम कोणताच मार्ग वाचकावर लादत नाहीत. प्रत्येकाचे लाभ आणि अडचणी मांडतात. त्यांची मांडणी तर्काच्या अंगाने निर्दोष आहे. तरीही तिच्यात एक पक्ष अनुपस्थित आहे, आणि त्याच्या अनुपस्थितीचा विचार येथे करावयाचा आहे.

तिसरे विधान सोडणाऱ्यांचा मार्ग प्रामुख्याने वाङ्मयीन आहे. लॉसन यंगर यांनी 'एन्शन्ट कॉन्क्वेस्ट अकाउंट्स' (१९९०) या ग्रंथात यहोशवातील विजयवर्णनांची तुलना प्राचीन पश्चिम आशियातील राजलेखांशी करून त्यांतील अतिशयोक्तीचे संकेत उलगडले. इ. स. पू. तेराव्या शतकाच्या अखेरीचा मिसरच्या मेर्नेप्ताह राजाचा स्तंभलेख इस्राएलचे बीजही उरले नसल्याची बढाई मारतो. नवव्या शतकातील मवाबी राजा मेशाच्या शिलालेखातही इस्राएलच्या कायमच्या नाशाचा डौल आहे. दोन्ही दाव्यांनंतर इस्राएल नांदतच राहिला. पॉल कोपन यांनी 'इज गॉड अ मॉरल मॉन्स्टर?' (२०११) या पुस्तकात आणि पुढे मॅथ्यू फ्लॅनागन यांच्यासह लिहिलेल्या 'डिड गॉड रिअली कमांड जेनोसाइड?' (२०१४) या ग्रंथात या निरीक्षणाचा उपयोग ईश्वराच्या समर्थनासाठी केला. सर्वांना मारले, कोणी उरले नाही, ही त्या काळच्या युद्धवृत्तांताची ठरीव भाषा होती. प्रत्यक्षात इतके घडले नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. स्वतः बायबलही याला आधार पुरवते: जे संपूर्ण नष्ट झाले असे यहोशवाच्या ग्रंथात वाचावयास मिळते, तेच कनानी 'शास्ते' या पुढच्याच ग्रंथाच्या आरंभी आपापल्या गावांत राहताना आढळतात.

हे निरीक्षण अचूक आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र पुरेसा नाही. अतिशयोक्ती घटनेचे आकारमान सांगत नसली, तरी कवीचे आणि श्रोत्यांचे इष्ट काय होते हे ती निश्चितपणे सांगते. माणूस ज्याची लाज बाळगतो ते फुगवून सांगत नाही. 'एकही जीव उरला नाही' ही अलंकारिक भाषा मानली, तर प्रश्न आणखी बिकट होतो. कारण मग संहार ही युद्धाच्या धामधुमीत घडलेली आपत्ती न राहता आदर्श ठरतो. मेशाच्या शिलालेखाची साक्षही दोन्ही बाजूंनी वाचली पाहिजे. त्याच लेखात मेशा नबो हे इस्राएली गाव घेऊन तेथील सात हजार माणसे आपल्या देवतेला वाहिल्याचे सांगतो, आणि त्यासाठी हेरेमच्याच धातूचे क्रियापद वापरतो. हेरेम ही इस्राएलची एकट्याची कल्पना नव्हती, आणि इस्राएली माणसेही तिच्या तडाख्यातून सुटली नव्हती, असे दोन निष्कर्ष त्यातून निघतात. दुसऱ्याकडे समर्थकांचे लक्ष क्वचितच जाते.

पुरातत्त्वाचा आधार घेणारा युक्तिवाद याहून पुढे जातो. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहो येथे उत्खनन केले. यहोशवाच्या विजयाचे अवशेष म्हणून पूर्वी दाखविले गेलेले तट त्या विजयाच्या कल्पित काळाहून सुमारे हजार वर्षांनी जुने ठरले. आय या दुसऱ्या जिंकलेल्या नगराच्या जागीही त्या काळात वस्ती नव्हती, असे दिसून आले. इस्राएल फिंकेलस्टाइन आणि नील सिल्बरमन यांच्या 'द बायबल अनअर्थ्ड' (२००१) या ग्रंथाने ही विजयकथा पुष्कळ उत्तरकाळी, इ. स. पू. सातव्या शतकातील योशीया राजाच्या महत्त्वाकांक्षेच्या छायेत, आकाराला आली असे मत सामान्य वाचकांपर्यंत पोचविले. यरीहोचा संहार घडलाच नसेल तर सुटकेचा निःश्वास टाकणे स्वाभाविक आहे. परंतु जी कथा कधी घडली नाही, तीही पुढे घडवून आणता येते. १६३७ मध्ये न्यू इंग्लंडमधील इंग्रज वसाहतकऱ्यांनी आपल्या स्थानिक मित्रजमातींच्या साहाय्याने मिस्टिक येथील पीक्वाट जमातीची तटबंद वस्ती पेटवून दिली. शेकडो माणसे, त्यांत स्त्रिया आणि मुले, मारली गेली. या मोहिमेतील कप्तान जॉन अंडरहिल याने पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात या कृत्याच्या समर्थनासाठी दाविदाच्या युद्धाचा दाखला दिला. त्या मुलांच्या दृष्टीने प्राचीन कथेतील तट खरोखर कोसळला होता की नाही, या प्रश्नाला काही अर्थ नव्हता.

दुसरे विधान सोडण्याचा मार्ग ख्रिस्ती परंपरेत सर्वांत जुना आहे. दुसऱ्या शतकात मार्कियनने जुन्या कराराचा ईश्वर वेगळाच मानून तो ग्रंथच त्याज्य ठरविला. चर्चने मार्कियनलाच त्याज्य ठरविले. तिसऱ्या शतकात ऑरिजेनने ग्रंथ राखला आणि अर्थ बदलला. त्याच्या प्रवचनांत कनानी राजे म्हणजे मनातील विकार होत, आणि यहोशवा — ज्याचे ग्रीक नाव येशूच्या नावाशी एकरूप आहे — त्यांचा संहारक होय. आधुनिक काळात एरिक सायबर्ट यांनी 'डिस्टर्बिंग डिव्हाइन बिहेव्हियर' (२००९) या ग्रंथात संहितेतील ईश्वर आणि प्रत्यक्ष ईश्वर यांत भेद करून येशूच्या शिकवणीला निकष मानले. ग्रेगरी बॉइड यांच्या 'द क्रुसिफिक्शन ऑफ द वॉरियर गॉड' (२०१७) या द्विखंडात्मक ग्रंथात हाच विचार क्रूसाच्या आधारे विस्तारलेला आहे: जसा क्रूसावर ईश्वराने मानवी पापाचा विद्रूप चेहरा स्वतःवर घेतला, तसाच माणसांनी कल्पिलेला हिंसक चेहरा त्याने धर्मग्रंथात सोसला. या मांडणीत करुणा आहे, आणि मार्कियनचा मार्ग टाळण्याचा मनःपूर्वक प्रयत्नही आहे. तरी एक धोका तिच्यामागे सावलीसारखा राहतो. हिंसा इस्राएलच्या समजुतीची आणि प्रेम येशूच्या प्रकटीकरणाचे, अशी वाटणी झाली की ज्यू परंपरेच्या माथी जुने ओझे पुन्हा येते. आणि ख्रिस्ती राष्ट्रांनी नवा करार हाती असताना केलेली हिंसा हिशेबाबाहेर राहते. शिवाय क्रूसाच्या प्रकाशात उजळतो तो ईश्वराचा चेहरा. यरीहोतल्या माणसाचा चेहरा अंधारातच असतो.

चौथ्या विधानाला अपवाद करणारे कनान्यांच्या पापांकडे बोट दाखवितात: तो संहार म्हणजे न्यायदान होते. या समर्थनाला अलीकडे जॉन वॉल्टन आणि जे. हार्वी वॉल्टन यांनी 'द लॉस्ट वर्ल्ड ऑफ द इस्रायलाइट कॉन्क्वेस्ट' (२०१७) या ग्रंथात संहितेच्याच आधारे छेद दिला. कनानी लोक अपराधी म्हणून शिक्षा भोगत आहेत असे ही कथने दाखवीत नाहीत. हेरेमचा रोख एखादी ओळख वापरातून नाहीशी करण्याकडे आहे, असे त्यांचे म्हणणे. या विवेचनामुळे कनानी माणूस अपराधाच्या आरोपातून मुक्त होतो, हा त्याचा मोठाच गुण. मात्र वापरातून काढण्याची भाषा भांड्यांना शोभते. एखादा समाज आपली ओळख सहजासहजी टाकत नाही. ती पुसायची म्हटल्यावर तलवारीचा प्रश्न फार काळ दूर राहत नाही.

हे सारे ग्रंथ विद्वत्तापूर्ण आहेत आणि त्यांतील कोणताही प्रयत्न दांभिक नाही. पण या सर्वांना समान असा एक विशेष आहे. प्रत्येकात कोणाला तरी वाचवायचे आहे: ईश्वराला, ग्रंथाला, कधी श्रद्धावान वाचकाच्या मनःशांतीला. वाचविले जाणारे कोण आणि त्याची किंमत मोजणारे कोण, हा प्रश्न ट्रिम यांच्या चार विधानांच्या चौकटीत बसत नाही. तो चौकटीबाहेरून आला. मायकेल वॉल्झर यांच्या 'एक्झोडस अँड रेव्होल्यूशन' (१९८५) या पुस्तकाने मिसरमधून निघालेल्या गुलामांची कथा ही पाश्चात्त्य मुक्तिसंग्रामांची मूळ कथा म्हणून मांडली. एडवर्ड सैद यांनी १९८६ मध्ये त्याचे 'कनानी वाचन' प्रसिद्ध केले, आणि मुक्तीच्या या कथेत ज्यांची भूमी जाते त्यांचे काय, असे विचारले. १९८९ मध्ये ओसेज जमातीचे अभ्यासक रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी तोच प्रश्न मुक्तिवादी ईश्वरविद्येला विचारला. अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी ही कथा वाचली की त्यांना स्वतःचे रूप इस्राएलात नव्हे, कनान्यांत दिसते, असे त्यांनी दाखवून दिले. घटना ऐतिहासिक नाही या उत्तराने हे वाचन बदलत नाही, हेही स्पष्ट केले. बोट्स्वानाच्या मुसा डुबे यांनी २००० साली राहाबेच्या व्यक्तिरेखेचा असाच शोध घेतला: जिंकणाऱ्याच्या कथेत जिंकल्या जाणाऱ्या स्त्रीच्या तोंडी जिंकणाऱ्याचीच स्तुती घातली जाते, ती कशासाठी?

भारतीय दलित ईश्वरविद्येच्या आरंभाशीही हा प्रश्न उभा आहे. अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूर येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानातून या विचाराला चालना दिली, आणि पुढे 'अनुवाद' ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायातील श्रद्धाकथन त्याच्या पायाशी ठेवले. भटक्या पूर्वजाचे स्मरण, दास्य, आक्रोश आणि सुटका हा त्या कथनाचा क्रम दलित अनुभवाला जवळचा वाटावा यात नवल नाही. परंतु ते कथन संपते दूध-मधाच्या देशाच्या प्राप्तीपाशी, आणि त्या देशात आधीपासून राहणाऱ्यांचा त्यात उल्लेख नाही. निर्मल यांच्या मांडणीत लक्षणीय गोष्ट ही की, त्यांनी अंतिम साध्य म्हणून भूमी किंवा केवळ हक्क न ठेवता परिपूर्ण मनुष्यत्व, माणसातील ईश्वराची प्रतिमा, हे साध्य ठेवले. शोषितांच्या हाती कथा आली तेव्हा तिचा आरंभ कायम राहिला आणि शेवट बदलला. वॉरियर यांच्या आक्षेपाला दिलेले हे उत्तर नव्हे. पण दुसऱ्याला बेदखल न करता मुक्तीची कथा सांगता येईल का, याचा एक मार्ग त्यातून सूचित होतो.

हेरेमची नैतिक चिकित्सा करताना पाश्चात्त्य तत्त्वज्ञान बहुधा अब्राहामाकडे वळते. कांटने 'विद्याशाखांचा संघर्ष' (१७९८) या ग्रंथातील एका टिपणात म्हटले की, पुत्रवधाची आज्ञा ऐकणाऱ्या अब्राहामाने उत्तर द्यावयास हवे होते: पुत्राला मारू नये हे निश्चित आहे, आज्ञा देणारा ईश्वर आहे हे तितके निश्चित नाही. कीर्केगार्डने 'भय आणि कंप' (१८४३) मध्ये त्याच प्रसंगात नीतीच्या पलीकडे जाणारी श्रद्धा पाहिली. परंतु या दोन्ही मतांच्या आड एक फरक दडतो. अब्राहामापुढे स्वतःचा, नावाने ठाऊक असलेला, लाडका मुलगा होता. यरीहोच्या वेशीत शिरणाऱ्या सैनिकापुढे परक्याचे, निनावी मूल होते. पहिल्या कृतीला, ती कितीही भयंकर असली तरी, त्याग म्हणता येईल. दुसऱ्या कृतीला तो शब्द लावणे भाषेवर अन्याय करणे होय. सुझन निडिच यांनी 'वॉर इन द हिब्रू बायबल' (१९९३) या ग्रंथात हेरेमची दोन रूपे वेगळी केली आहेत. एकात शत्रू ईश्वराला वाहण्याजोगे मोलाचे दान असतो. दुसऱ्यात तो शिक्षेस पात्र अशी अमंगळ वस्तू असतो. पहिले रूप अधिक आदिम मानले जात असले, तरी त्यात शत्रूच्या मनुष्यत्वाची ओळख निदान शिल्लक आहे, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. यावर असे म्हणता येईल की, लूट नाकारून सैनिक स्वतःच्या वाट्याचा त्याग करतो, तेव्हा हेरेमलाही किंमत पडतेच. पण असे म्हणताच माणसांची गणना लुटीत झालेली असते.

मराठी वाचकाला येथे खांडववनाचे स्मरण होईल. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) मधील 'मयसभा' या लेखात त्या दहनाचा नैतिक हिशेब मांडला होता. कृष्णार्जुनांनी अग्नीला तृप्त करण्यासाठी वन जाळले. बाहेर पडू पाहणारे प्राणीही मारले. आणि त्या भूमीवर इंद्रप्रस्थाचे वैभव उभे राहिले. एका देवाला दिलेले ते अर्पण होते आणि अर्पण करणाऱ्यांचे त्यात काहीच जळले नव्हते. महाभारताच्या रचनेत मात्र हे दहन विसरले जात नाही. आई गमावलेला अश्वसेन कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनाचा सूड घेऊ पाहतो; तक्षक परिक्षिताचा प्राण घेतो; जनमेजयाचे सर्पसत्र नागकन्येचा पुत्र आस्तीक थांबवितो; आणि सारे महाभारत त्याच सत्राच्या निमित्ताने सांगितले जाते. याने खांडवाचे समर्थन होत नाही, आणि एका परंपरेने दुसरीपेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजावे असेही यात काही नाही. 'युगान्त'पूर्वी किती वाचकांनी त्या दहनाचा हिशेब मागितला होता? मुद्दा एवढाच की, संहार गौरविणारी संहिताही संहारितांसाठी कोठेतरी वाट ठेवून जाते, आणि ती शोधणे वाचकाच्या हाती असते.

बायबलमध्ये अशा वाटा कमी नाहीत. राहाब आणि तिचे घराणे वाचते. गिबोनी लोक युक्तीने करार मिळवितात आणि दिलेला शब्द इस्राएलला पाळावा लागतो. यरीहोच्या वेढ्यापूर्वी उपसलेली तलवार घेऊन उभ्या असलेल्या दिव्य सेनापतीला यहोशवा विचारतो की तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या, तेव्हा दोहोंपैकी कोणतीही बाजू न स्वीकारणारे उत्तर मिळते. पण या चर्चेच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या अखेरीस आहे. दाविदाने केलेल्या शिरगणतीचे प्रायश्चित्त म्हणून देशावर मरी आली आहे, आणि ती थांबावी यासाठी अरवना नावाच्या माणसाच्या खळ्यावर वेदी बांधण्याचा आदेश दाविदाला मिळतो. अरवना खळे, बैल आणि लाकडेही विनामूल्य देऊ करतो. दावीद नाकारतो: ज्यासाठी स्वतःला काही मोजावे लागले नाही असे होमार्पण ईश्वराला करावयाचे नाही, अशी त्याची भूमिका आहे. तो पन्नास शेकेल रुपे देऊन खळे आणि बैल विकत घेतो. इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथानुसार यरुशलेमचे मंदिर पुढे याच खळ्याच्या जागी उभे राहिले.

हा अरवना यबूसी आहे. ज्या राष्ट्रांचा समूळ नाश करण्याची आज्ञा 'अनुवाद' ग्रंथाने दिली, त्यांच्या यादीत यबूसी आहेत. आज्ञा तंतोतंत पाळली गेली असती, तर हा माणूस जन्मालाच आला नसता, खळे असते तरी त्याचे मालक नसते, आणि दाविदाला ते विकत घेण्याची गरज पडली नसती. मंदिराची भूमी तलवारीने मिळालेली नसून, नसायला हवा होता अशा एका माणसाकडून पैसे मोजून घेतलेली आहे, ही गोष्ट संहितेने कोणतेही भाष्य न करता नोंदविली आहे. हा प्रसंग निर्मळ आहे असे मुळीच नाही. राजाच्या चुकीपायी त्यापूर्वी सत्तर हजार प्रजाजन मेलेले आहेत, आणि राजापुढे वाकलेल्या यबूसीला नकार देण्याचे स्वातंत्र्य कितपत होते हेही विचारता येईल. तरीही दाविदाने उच्चारलेला निकष त्याच्या स्वतःच्या युद्धांपेक्षा मोठा आहे. दुसऱ्याचे जे आहे ते ईश्वराला वाहता येत नाही. हा निकष लावला की हेरेम बायबलच्याच साक्षीने अपात्र ठरतो. त्यासाठी बाहेरून आधुनिक नीती आणावी लागत नाही.

तो निकष अर्थनिर्णयनालाही लागू आहे. अतिशयोक्ती, उत्खनन, क्रूस, न्यायदान यांपैकी कोणत्याही वाटेने ईश्वराची सुटका करणारा अर्थ वाचकाला बहुधा काहीही न मोजता मिळतो. त्याचे मोल यरीहोतील लोकांनी आधीच चुकते केलेले असते. मार्कियनप्रमाणे पाने फाडून टाकणे हाही तसाच स्वस्त उपाय आहे, कारण पान गेले की मेलेल्यांची एकमेव नोंदही जाते. ग्रंथ राखावा; त्याचे समर्थन न करता राखावा; आणि ज्याच्या परंपरेने ती आज्ञा जपली त्या वाचकाने तिच्या वापराचा इतिहासही आपल्या वारशात धरावा, एवढे त्याच्याकडून अपेक्षिता येते. यामुळे त्याच्या श्रद्धेला काही किंमत पडेल हे उघड आहे. ती किती, हे कोणताही ग्रंथ आधी सांगू शकणार नाही. परंतु ती त्याने स्वतः द्यावयाची आहे, आणि खळे अजून अरवनाचे आहे हे ध्यानात ठेवून द्यावयाची आहे.